दाजींचा उजवा पाय

४ जानेवारी

ती. आक्कास नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. मला झालंय, पण ते आजारपण नव्हे, निदान मला तरी तसं वाटत नाही. खोकला आहे तो जुनाच.

दुकान बंद करून वर्ष होत आलं. शिवणयंत्र गेलं, काउंटर गेला, पाटी उतरवली. राहिले ते फर्मे. ज्यांच्या ज्यांच्या मापाचे बूट केले त्यांचे लाकडी पाय. मुलगा म्हणाला, "बाबा, पोत्यात भरून ठेवतो, थंडीत शेगडीला होतील." मग थंडी पडली आणि शेगडीत घालायला म्हणून पोत्यात हात घातला, तर हाताला नेमका वकिलाचा पाय लागला. वकील जाऊन किती वर्षं झाली. फर्मा टाच वर करून धरला, आणि काय सांगू, टाचेचं डोकं झालं आणि तळाच्या बाजूने वकील माझ्याकडे बघायला लागला. "बूट शनिवारी देणार होतास ना?" असा. मी रापी घेतली. रापी चामड्यासाठी असते, लाकडावर चालवायची नसते, मला ठाऊक आहे, तू सांगू नकोस. जेवायला हाक आली तेव्हा नाक आणि डावी भुवई झाली होती.

तेव्हापासून थांबता येत नाही. डॉक्टर झाला, इस्त्रीवाला झाला, घड्याळवाला झाला, त्याची सासू झाली. पाय बघितला की माणूस आठवतो. आयुष्यभर मी बूट केले, पण बूट गिऱ्हाइकाला हवा तसा करायचा असतो. हे कुणीच सांगितलेलं नाही, तरी हात आपले चालतात. सून चिडते. भुसा चहात पडतो. म्हणते, "बाबा, घरात खाणारी तोंडं काय कमी आहेत, त्यात ही लाकडी कशाला?"

आता अडचण ऐक. ग्रंथालयवाली बाई बूट दुरुस्तीला आली होती, दुकान बंद झाल्याचं तिला माहीत नव्हतं. तिने ही तोंडं बघितली आणि खुर्चीत बसूनच राहिली. ती म्हणते वाचनकक्षात टेबलावर मांडू, लोकांना बघू दे. मी तिसरी शिकलेला माणूस, ग्रंथालयात माझं काय काम? लोक हसले तर? कुणाच्या घरच्यांना राग आला तर? वकिलाचा मुलगाही वकीलच आहे. काय करू ते कळव.

तुझा धाकटा


११ जानेवारी

भागूबाईस,

पत्र मिळालं. आधी हसले, मग हसू ओसरल्यावर राग आला.

साठी बुद्धी नाठी म्हणतात. तू साठी मागे टाकूनही जमाना झाला, म्हणजे तुझी बुद्धी कुठवर पोचली असेल ते तूच बघ. लहानपणी तू पतंग उडवत नव्हतास, मांजा हाताला कापेल म्हणून. आता सुऱ्या चालवतोस आणि मेलेल्या माणसांची तोंडं करतोस. त्यांच्या घरच्यांना विचारलंस? उचलली रापी आणि लावली लाकडाला. ती ग्रंथालयवाली आज कौतुक करेल, उद्या दुसरं काही सापडलं की तुझं पोतं परत पाठवेल. तेव्हा रडत माझ्याकडे येऊ नकोस.

सुनेचं ऐक. शेगडीला घाल आणि स्वस्थ बस. या वयात लोक बाकावर बसून पेपर वाचतात, तू पण वाच.

आणि आता जे लिहिते ते नीट वाच. ह्यांचे फर्मे कुठे आहेत? तुझ्या दाजींचा उजवा पाय लहानपणीच्या तापात वाढायचा राहिला, हे तीनच माणसांना माहीत होतं. त्यांना, मला आणि तुला. तू उजव्या बुटात पुढे बूच भरायचास, टाचेखाली बूच बसवायचास, आणि बाहेरून दोन्ही बूट सारखे दिसायचे. त्या बुटांवर त्यांनी शाळेत कवायत मास्तरकी केली. सगळ्या शाळेच्या पुढे ते सरळ चालायचे. कुणाला कधी शंका आली नाही. ते फर्मे जोडीने समोर ठेवले तर आंधळ्यालाही कळेल की एक मोठ्या माणसाचा पाय आहे आणि एक पोराचा. ते पोत्यात आहेत ना? मला "हो" एवढंच उत्तर हवंय. खोकल्याचं नको.

आक्का


१९ जानेवारी

ती. आक्कास नमस्कार.

तुझं पत्र मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. भागूबाई वाचल्यावर नातवंडं खूप हसली. पुढच्या वेळी पाकिटावर "खाजगी" लिही.

तू म्हणतेस ते बरोबर असेल. तू लहानपणापासून बरोबरच असतेस. पण बाकावर बसून बघितलं मी. दोन दिवस बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत बसलो आणि घरी येऊन पुन्हा रापी धरली. आता एक छिन्नीही आणली आहे, सुतार म्हणाला रापीने बोट जाईल. गेलंच होतं थोडं. सुनेला सांगितलं नाही.

बाईने परवा हातगाडी पाठवली. मी जपून जपून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सगळे दिले आणि गाडीच्या मागे मागे चालत गेलो, कारण हातगाडीवाला खड्डे बघत नव्हता. वाचनकक्षात लांब टेबल आहे. तिथे फळीला भोकं पाडून चवडे खाली, टाचा वर असे उभे केले. मांडून झाल्यावर मी बाजूला जाऊन बघितलं आणि मला घाम फुटला. एवढे सगळे एकदम माझ्याकडे बघत होते. दोन माणसं पेपर खाली ठेवून उठून आली. एकजण म्हणाला, "हा तर आमचा डॉक्टर! अजून गोळी कडूच देणार असं तोंड आहे." आक्का, तो हसला, पण मला नाही हसला. यातला फरक मला त्या दिवशी कळला.

फर्म्यांचं तू विचारलंस. पोतं माळ्यावर होतं, आता खाली आहे. काळजी करू नकोस. थंडी फार आहे, पाय गरम ठेव.

तुझा धाकटा


६ फेब्रुवारी

पोतं माळ्यावर होतं, आता खाली आहे!

समोरच्या कॅशियरची बायको काल पेपर घेऊन आली. "आजी, हे तुमच्या भावाचं ना?" मी चष्मा लावला. फोटोत टेबल, टेबलावर तुझी लाकडं, आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी मध्यभागी, माझा नवरा. मोठा पाय कोरा, आणि त्याला चिकटून छोटा, आणि छोट्यावर ह्यांचं तोंड. खाली बारीक अक्षरात "जोडीतला लहान पाय". तिने विचारलं, "हा असा लहान का हो?" मी म्हटलं, लाकूड आटलं असेल. या वयात मला शेजारणीशी खोटं बोलायला लावलंस.

आणि तोंड तरी कसलं केलंस! ह्यांची हनुवटी सदा वर असायची. शाळेतल्या पोरांनी त्यांना मान खाली घातलेलं कधी बघितलं नाही. तू त्यांना थकलेला, पडलेला म्हातारा करून ठेवलंस. आयुष्यभर जे झाकलं ते तू चव्हाट्यावर मांडलंस, तेही ते उठून तुझ्या थोबाडीत मारू शकत नाहीत म्हणून. जिवंतपणी केलं असतंस का? तेव्हा त्यांच्यासमोर तुझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

याला बाई काय म्हणते ते मला सांगू नकोस. मी याला चोरी म्हणते. ते तोंड तुझं नव्हतं.

छोटा पाय शेगडीत घाल. पूर्ण जळेपर्यंत उभा राहा. झालं की एका ओळीत कळव. नाही केलंस तर मला भाऊ नव्हता असं मी समजेन, आणि मी समजते म्हटल्यावर समजते, हे तुला माहीत आहे.


१० फेब्रुवारी

ती. आक्कास नमस्कार.

टाकला.

मोठा पाय घरी आणून पोत्यात ठेवला आहे. बाकी ठीक.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

भागूबाई,

"टाकला. बाकी ठीक." तुझं पत्र कधी एवढं छोटं असतं? दाढ काढली तर तू दोन पानं लिहितोस. मला तेव्हाच कळलं की तू थाप मारतोयस.

म्हणून मी काल आले. तुला सांगून आले असते तर तू लपवालपवी केली असतीस, म्हणून बस स्टँडवरून थेट ग्रंथालयात गेले. दाराशी एक रखवालदार पेंगत होता. टेबलाला वळसा घालून मी मागच्या बाजूने आले, पुढे चार-पाच माणसं बघत उभी होती म्हणून. मागून सगळे सारखेच दिसतात, तोंडं पलीकडे. पण सगळ्या मोठ्या मोठ्या पायांत एकच छोटा होता. हाताला लागताच ओळखला. म्हटलं, बघा, टाकला म्हणे! उपटला, शालीत गुंडाळला, पिशवीत घातला आणि ताठ मानेने बाहेर पडले. रखवालदाराने नमस्कारसुद्धा केला. या वयात चोरीही करायला लावलीस.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. उघडली नाही. म्हटलं, घरी जाऊन एकदा बघेन आणि मग मीच शेगडीत घालेन, तुझ्यावर विसंबणार नाही.

घरी येऊन शाल सोडली. तो माझा पाय आहे.

माझ्या लग्नातल्या बुटांचा फर्मा तू अजून ठेवला होतास? आणि त्यावर माझं तोंड? कुणी सांगितलं होतं तुला? ओठ असे आवळलेत की आत काहीतरी धरून ठेवलंय आणि कुणी मागितलं तरी देणार नाही. कपाळावर एवढ्या आठ्या! मी आरशात जाऊन बघितलं. आठ्या आहेत, पण एवढ्या नाहीत.

ते जाऊ दे. ह्यांचा कुठे आहे? कुठल्या कपाटात दडवलास? खरं सांग. मी चिडणार नाही.

आक्का


४ मार्च

आक्का,

मी खरंच टाकला होता.

तू म्हणालीस म्हणून टाकला. ज्या दिवशी तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी ग्रंथालयात गेलो, बाईला म्हटलं घरी हवाय, आणि आणला. शेगडी पेटलेलीच होती. जुनं वाळलेलं लाकूड, त्यात इतक्या वर्षांचं मेण मुरलेलं. पटकन पेटलं. तू सांगितलं होतंस तसा पूर्ण जळेपर्यंत उभा राहिलो. तू एका ओळीत कळव म्हटलंस, तर एका ओळीत कळवलं. तू सांगितलेलं मी कधी केलं नाही असं एकदा तरी झालंय का? तू शाळा सोड म्हणालीस, सोडली. काकांच्या दुकानात बस म्हणालीस, बसलो. हिच्याशी लग्न कर म्हणालीस, केलं, आणि ते एक बरं झालं. आणि आता तूच विचारतेस कुठल्या कपाटात दडवलास! मला थापाड्या म्हणण्याआधी एकदा स्वतःला विचार, तू मला थापा मारायला जागा कधी ठेवलीस?

सुनेने पाणी आणून दिलं आहे. पण आज लिहितो, उद्या मला धीर व्हायचा नाही.

तू म्हणालीस ते तोंड माझं नव्हतं. माझंच होतं, कारण ते मीच बघितलं होतं. दाजी मापाला आले की मी दुकानाचा पडदा ओढायचो. उजवा बूट काढेपर्यंत ते कवायत मास्तर असायचे, हनुवटी वर, छाती पुढे. बूट निघाला की तो एवढासा पाय माझ्या मांडीवर यायचा आणि चेहरा सैल पडायचा. म्हणायचे, "आज फार दुखला रे." मग मी माप घ्यायचो, ते डोळे मिटून बसायचे. बूट चढवला की पुन्हा मास्तर. तुला कधी म्हणाले का, दुखतो म्हणून? मला वाटतं नसतील म्हणाले. तुझ्या घरी त्यांना बूट काढायला पडदा नव्हता.

चिडवायला नाही केलं मी ते. त्या लाकडाला हात लावला आणि दुसरं काही येईना. डॉक्टर, वकील, सगळे हाताला आठवतील तसे केले. दाजी मात्र केले नाहीत, ते होते तिथे. मी फक्त वरचं लाकूड काढलं. मोठ्या पायावर होणार नाही, तू सांगायच्या आधीच सांगतो. करून बघितलं. तो पाय चार माणसांसारखा आहे, त्यात कुणीही असू शकतं.

आणि तेव्हापासून दुसरंही काही होत नाही. छिन्नी धरतो, लाकडाकडे बघतो, ठेवून देतो. बाकावर जाऊन बसतो. तुझ्या मनासारखं झालं.

बाई विचारत होती, टेबलावरची एक म्हातारी कुठे गेली. ती पोलिसांत जायला निघाली होती. मी म्हटलं मीच नेली. ही मात्र थाप आहे.


१६ मार्च

सोबतचं पार्सल आधी उघड, मग वाच.

हा ह्यांचा शेवटचा जोड, त्यातला उजवा. मी कपाटात ठेवला होता. दर आठवड्याला पॉलिश करते, तेव्हा चकचकीत बघून चकित होऊ नकोस. आत हात घालून बघ. तू भरलेलं बूच तसंच आहे, आणि बुचाच्या मध्ये त्यांच्या पायाची पोकळी आहे. बोटं कुठे टेकायची तेसुद्धा हाताला लागतं. मी काही चांभारकाम शिकलेली नाही, पण एवढी अक्कल मला आहे की पायावरून बूट होतो, तसा बुटावरून पायही होत असेल. होतो का, ते तू सांग. एवढी वर्षं धंदा केलास.

दुखायचा हे मला माहीत नव्हतं असं तुला वाटतं? मी त्यांच्याबरोबर संसार केला, तू मापं घेतलीस. ते कूस बदलायचे ते मला कळायचं. ते बोलायचे नाहीत म्हणून मी विचारायचे नाही. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या पुढे ते चालले कसे असते? तुला पडदा ओढला की झालं. मला तो कधी ओढताच आला नाही.

तुझ्यापाशी बोलले म्हणून शेफारून जाऊ नकोस. माणूस न्हाव्यापाशीही बोलतो.

ते तोंड मी फोटोत एकदाच बघितलं, तेही कॅशियरच्या बायकोसमोर, रागाने. पेपर तिने परत नेला. मागायला गेले तर तिने त्यात काहीतरी बांधून टाकलं होतं. जाळ म्हटलं म्हणून लगेच जाळतात का रे? सगळं आयुष्य तू माझं ऐकत आलास, एकदा नसतं ऐकलंस तर काय आभाळ कोसळणार होतं?

आक्का


२३ मार्च

ती. आक्कास नमस्कार.

पार्सल मिळालं. पाय होतो. बुटात प्लॅस्टर भरायचं, वाळू द्यायचं, मग वरून बूट काढायचा. आत जो निघेल त्याच्यावर बेतून लाकूड घडवायचं. सुताराकडून जुनं वाळलेलं लाकूडही आणलं आहे, तेवढंच घट्ट.

पण दोन गोष्टी आहेत.

एक. बूट फाडावा लागेल. वरचं कातडं शिवणीपासून उसवून निघेल, पण बूच काढायचं तर तळ कापावा लागतो. मग तो जोड पुन्हा जोड राहणार नाही. मी काल तो मांडीवर घेऊन बसलो, रापी हातात होती, आणि मला धीर झाला नाही. हा मी शिवलेल्या बुटांत सगळ्यात नीट शिवलेला आहे. तू कपाटात ठेवलेला आहे. तेव्हा तू सांगितल्याशिवाय मी फाडणार नाही.

दुसरी गोष्ट लिहायला मला कालचा सगळा दिवस लागला. चार कागद फाडले. तुला राग येईल, तो येऊ दे. फाड म्हणालीस तर फाडेन, पण तोंड तू सांगशील तसं करणार नाही. हनुवटी वर पाहिजे असेल तर फोटोवाल्याकडे जा, त्याच्याकडे तसा फोटो असेल. माझ्याकडे जे येईल ते येईल. कदाचित आधीचं येणारही नाही, दुसरंच येईल, वाईटही येईल. आणि झालं की ते मोठ्या पायाशेजारी वाचनकक्षात राहील, लपवून नाही. पुन्हा जाळ म्हणालीस तर मी जाळणार नाही. भाऊ नव्हता असं समजायचं असेल तर समज. मला वाईट वाटेल, पण छिन्नी ठेवणार नाही.

हे सगळं मीच लिहिलं आहे, कुणी शिकवलेलं नाही. उत्तर लवकर पाठव.

तुझा धाकटा

ता. क. तुझा फर्मा परत कर. बाईने त्या भोकात कागदाचा बोळा घालून ठेवला आहे, बरं दिसत नाही.


२८ मार्च

फाड.

तोंड येईल तसं येऊ दे. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेव, सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या कवायतीतली पोरं आता म्हातारी होऊन तिथे पेपर वाचत बसत असतील. बघू दे त्यांना, आपले मास्तर कशावर चालत होते ते. कुणी वाकडं बोललं तर मला कळव, मी येऊन बघते.

कोरायला बसशील तेव्हा मी शेजारी बसणार आहे. बोलणार नाही. सुनेला सांग, मला चहा भुशाशिवाय लागतो.

माझा फर्मा मात्र परत मिळणार नाही. बोळा राहू दे भोकात. मी तो आरशाशेजारी ठेवला आहे. आमचं दोघींचं अजून पटलेलं नाही.

आक्का